अत्यावश्यक सेवेतली माणसे

१

माझे बालपण देहूरोडच्या वस्तीत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या माळावर लष्कराचे डेपो उभे राहिले आणि त्यांच्या आधाराने कामगारांच्या चाळी, झोपड्या, बाजार आले. माझे वडील डेपोत हमाली करीत. पेट्या वाहणे हे त्यांचे काम. पेटीत काय आहे हे आम्ही विचारायचे नाही आणि त्यांनी सांगायचे नाही, असा घरचा अलिखित कायदा होता. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले तेव्हा आम्ही खिडकीला काळा कागद चिकटवला, कंदिलाला फडके गुंडाळले. त्या रात्री आईने वडिलांना विचारले, "अवो, हितं काय झालं तर आपुन कुठं जायाचं?" वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कुठं म्हंजे? सकाळी कामावर जायाचं."

पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा हे उत्तर पुन्हा पुन्हा आडवे येऊ लागले. युद्ध चालू असलेल्या देशात सामान्य माणसाचे रक्षण कसे करावे, याविषयी जगात पुष्कळ लिहिले गेले आहे. करार झाले, कायदे झाले. पण या सगळ्या लिखाणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, ज्याचे रक्षण करायचे तो माणूस धोक्याच्या जागेपासून दूर जाऊ शकतो, आणि त्याने दूर जावे असे राज्यालाही वाटते. जातिबद्ध समाजात हे गृहीत खरे आहे काय? ज्याच्यावाचून गावाचा उकिरडा उचलला जात नाही, ज्याच्यावाचून लष्कराची पेटी हलत नाही, त्याला दूर जाऊ देण्याची कोणाची तयारी असते? प्रस्तुत लेखात मी या एकाच प्रश्नाचा माग काढणार आहे. त्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. चाकणपासून पिंपरीपर्यंतचा आपलाच मुलूख पुरेसा आहे.

२

चाकणच्या किल्ल्याचा वेढा सर्वांना ठाऊक आहे. १६६० साली शाइस्ताखानाने संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने सुमारे दोन महिने तो लहानसा भुईकोट लढवला. शाळेच्या पुस्तकात फिरंगोजी आहे, खान आहे, सुरुंगाने उडालेला बुरूज आहे. वेढ्याच्या काळात भोवतालच्या गावांचे काय झाले, हा प्रश्न त्या पुस्तकाला पडत नाही.

शिवाजी महाराजांना मात्र तो पडला होता. १६७३-७४ च्या सुमारास चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्कराला त्यांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा, वैरण जपून वापरा. ती संपली म्हणून कुणब्याच्या घरात शिरून दाणे, भाजी, लाकूडफाटा ओरबाडू नका. तसे केलेत तर रयतेला वाटेल की याहून मोगल बरे, असा त्या पत्राचा आशय आहे. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज जळेल, इतक्या बारकाईने सूचना केल्या आहेत. सैन्याच्या वागणुकीतून रयतेला वाचवण्याचा विचार आपल्या भूमीत युरोपातून आलेला नाही, हे या पत्रावरून स्पष्ट होते. त्याचा अभिमान आपणही बाळगावा.

पण अभिमान बाळगतानाच एक प्रश्न विचारला पाहिजे. पत्रात काळजी आहे ती कुणब्याच्या दाण्याची. ती वैरण कापून, भारे बांधून डोक्यावरून छावणीत कोण पोहोचवत होते? गावगाड्यात ओझे वाहणे, वाट दाखवणे, येणाऱ्या-जाणाऱ्या सरकारी माणसांना लाकूड-गवत पुरवणे ही कामे वतनाच्या नावाखाली महारांच्या माथी होती. शांततेच्या काळात जी वेठ, तीच युद्धकाळात दुप्पट होते. सैन्य कोणाचेही असो, मोगलाचे, मराठ्याचे वा इंग्रजाचे, गावाच्या वेशीवर त्याला पहिला भेटणारा माणूस वेसकरच असे. कुणब्याचे दाणे लुटले तर तो अन्याय ठरे. महाराचे श्रम लुटले तर तो रिवाज ठरे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले, तेव्हा या रिवाजालाच त्यांनी हात घातला होता.

३

आता पिंपरीकडे येऊ. आमच्या लहानपणी दिवाळीचे कापड घ्यायला आई आम्हाला लोकलने पिंपरीला नेई. स्टेशनाजवळच्या वस्तीला तेव्हाही 'कॅम्प' म्हणत आणि आजही म्हणतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही छावणी. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उल्हासनगर वसले, तसे इथे पिंपरी कॅम्प वसले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. युद्धाने देशोधडीला लावलेली ती बायकामुले तेथून निघून गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि त्या वस्तीचे गांधीनगर झाले. एका युद्धाचे निर्वासित गेले, दुसऱ्या रक्तपाताचे आले. पत्रे तेच होते, भिंती त्याच होत्या.

पिंपरीच्या माळावर आणखी एक गोष्ट उभी राहिली. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलीन तयार होऊ लागले. हे औषध दुसऱ्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर बनू लागले ते प्रथम जखमी सैनिकांसाठी. पिंपरीच्या कारखान्याला युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी साह्य केले, कारण आता ते औषध गरीब देशांतल्या आयाबाळांपर्यंत जायचे होते. युद्धाच्या पोटातून आलेली वस्तू सामान्यांच्या रक्षणासाठी वळवता येते, याचे हे आपल्या दारातले उदाहरण.

कॅम्पातला एक वृद्ध कापडवाला आमच्या ओळखीचा झाला होता. मी नोकरीला लागल्यावर त्याच्या दुकानात उगाच जाऊन बसत असे. तो कराचीच्या गोष्टी सांगे. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि तोवर रेंगाळलेले हिंदूही घरदार सोडून बंदरावर धावले. बोटीत जागा मिळवण्यासाठी दागिने कसे विकले, बहिणीला ताप भरला असता तिला कसे उचलून नेले, हे सांगताना त्याचा गळा दाटून येई. माझाही येई. एकदा मी सहज विचारले, "तुमच्या घरचा संडास साफ करायला कोण येई? तो आला का बोटीवर?" म्हातारा चमकला. थोडा वेळ आठवत राहिला. "नाही," म्हणाला, "ते लोक नव्हते बोटीवर. त्यांना सोडत नव्हते." मी त्या माणसाचे नाव विचारले. रोज सकाळी, वर्षानुवर्षे मागल्या दाराने येणाऱ्या त्या माणसाचे नाव म्हाताऱ्याला ठाऊक नव्हते. त्याला ते आपण कधी विचारलेच नाही, याचे त्या दिवशी प्रथमच वाईट वाटले असावे. त्याने मला चहा दिला आणि विषय बदलला.

"त्यांना सोडत नव्हते." हे तीन शब्द मी घरी घेऊन आलो.

४

म्हातारा खरे बोलत होता. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराची हे वाढते बंदर. तेथे झाडलोट, मैला, गटारे यांच्या कामासाठी गुजरात-काठेवाडपासून अस्पृश्य माणसे गेलेली. फाळणी झाली आणि सवर्ण हिंदू जाऊ लागले, तशी पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांना चिंता पडली. व्यापारी गेला तर दुसरा व्यापारी येईल, त्याच्या घराचा ताबा घ्यायला लोक रांगेत उभे होते. पण मैला कोण उचलणार? सफाई कामगारांचे काम अत्यावश्यक सेवा ठरवण्यात आले आणि त्यांच्या जाण्यावर बंधने आली. भारताचे कराचीतील पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी याबाबत पंतप्रधान लियाकत अली खान यांच्याकडे गाऱ्हाणे नेले, तेव्हा ही माणसे गेली तर कराचीचे रस्ते आणि संडास साफ कोण करणार, अशा अर्थाचे उत्तर मिळाल्याचे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

हे उत्तर वाचून पाकिस्तानवर तोंडसुख घेणे सोपे आहे. पण हीच माणसे भारताच्या बाजूला आल्यावर काय झाले? बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी पाकिस्तानातील अस्पृश्यांना भारतात निघून येण्याचे जाहीर आवाहन केले. १८ डिसेंबर १९४७ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. काश्मीरमध्ये लढाई सुरू होऊन दोन महिने होत आले होते. पंजाबात माणसांचे काफिले अजून दोन्ही दिशांनी चालत होते. या पत्रात दोन बाजूंची तक्रार आहे. पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना घाणीच्या कामासाठी आणि शेतमजुरीसाठी अडकवून ठेवते आहे, ही एक. आणि जे कसेबसे सुटून भारतात पोहोचले, त्यांना मदत मिळत नाही, ही दुसरी. मदत छावणीत राहणाऱ्यालाच मिळे. आणि छावणीत अस्पृश्याला जागा मिळत नसे. ज्याला जागा नाही त्याला शिधा नाही, ज्याला शिधा नाही त्याची नोंद नाही. पूर्व पंजाबात जमिनी वाटण्याची वेळ आली तेव्हाही, ज्याची तिकडे स्वतःची जमीन नव्हती त्याला इकडे कशाच्या बदल्यात द्यायची, हा प्रश्न उभा राहिला. पिढ्यानपिढ्या भूमिहीन ठेवलेला माणूस निर्वासित म्हणूनही भूमिहीनच राहिला.

वाचकांनी या पत्राचा मर्मार्थ ध्यानात घ्यावा. एका राष्ट्राने त्याला जाऊ दिले नाही, कारण तो उपयोगी होता. दुसऱ्या राष्ट्राने त्याला आत नीट घेतले नाही, कारण तो अस्पृश्य होता. दोन्ही राष्ट्रे एकमेकांच्या रक्ताची तहानलेली होती. तरी या एका माणसाबाबत दोघांचे एकमत होते. धर्माच्या नावाने देश फाटला, पण जातीच्या बाबतीत तो अखंडच राहिला. आणि याच दिवसांत पंजाबात निर्वासितांच्या रक्षणाच्या कामावर महार पलटणीचे जवान उभे होते, हेही विसरता येत नाही. १९४१ मध्ये बेळगावला उभ्या राहिलेल्या या पलटणीतला जवान ज्या काफिल्याला संरक्षण देत होता, त्या काफिल्यातल्या लोकांनी गावी परतल्यावर त्याला आपल्या विहिरीवर पाणी भरू दिले असते का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

५

युद्धकाळातील नागरी माणसाचा विचार बाबासाहेबांनी याही आधी केला होता आणि तो अधिकारपदावर बसून केला होता. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आलेले, किनाऱ्यावरच्या शहरांतून लोक पळत होते. कामगाराने मात्र पळायचे नव्हते. कारखाना चालू राहिला पाहिजे होता. माझ्या वडिलांचे उत्तर तेव्हा साऱ्या देशातल्या कामगारांवर लादले गेले होते. असे असताना बॉम्ब पडून कामगार मेला तर त्याच्या मुलाबाळांनी कोणाकडे पाहायचे? १९४३ चा युद्धजन्य दुखापत भरपाई विमा कायदा हे या प्रश्नाचे उत्तर होते. शत्रूच्या हल्ल्यात जखमी होणाऱ्या कामगाराची भरपाई करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आणि त्यासाठी मालकाने विमा उतरवणे सक्तीचे केले. राज्याने कामगाराला धोक्याच्या जागी थांबवले असेल, तर त्या धोक्याची किंमत त्याच्या विधवेकडून वसूल करता येणार नाही, हे त्यामागचे तत्त्व. पुढे चीनशी युद्ध झाल्यावर १९६३ मध्ये स्वतंत्र भारतानेही याच धर्तीचा कायदा केला.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज पेटले. कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकाच जहाजात भरलेली. दोन प्रचंड स्फोट झाले, शेकडो माणसे मेली, ६६ अग्निशामक जवान जळाले, हजारो बेघर झाले. शत्रूचे विमान आलेच नव्हते. युद्धकाळात नागरिकाला मारणारी गोष्ट दर वेळी शत्रूकडूनच येते असे नाही, हे गोदी कामगारांच्या कुटुंबांना त्या दिवशी कळले.

पण इतिहास लिहिताना आपल्याला अवघड वाटणारी पानेही उलटली पाहिजेत. १९४३ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे स्त्रियांना खाणीत भूगर्भात कामाला लावण्यावरची बंदी सरकारने उठवली. मजूर खाते बाबासाहेबांकडे होते आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये विधिमंडळात या निर्णयाचे समर्थन त्यांनाच करावे लागले. ही तात्पुरती निकड आहे, आणि पुरुषाइतकेच वेतन स्त्रीला देण्याचे तत्त्व येथे मान्य झाले आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. समान वेतनाचे तत्त्व मोठे होते यात शंका नाही. तरीही त्या अंधारात उतरलेल्या आदिवासी आणि दलित स्त्रियांना त्या काळात काय वाटले असेल, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. प्रश्न विचारायला बाबासाहेबांनीच शिकवले. युद्धाची निकड इतकी बेरकी असते की तिच्या दारात अत्यंत न्यायनिष्ठ माणसालाही थांबून तडजोड करावी लागते. मग ज्यांना न्यायाची चाडच नाही त्यांच्या हाती ती निकड पडली तर काय होईल?

६

म्हणून कायदा नीट वाचला पाहिजे. १९४९ च्या जिनिव्हा करारांतला चौथा करार नागरी जनतेच्या रक्षणाचा आहे. भारताने हे करार स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यांचा कायदाही केला. चारही करारांत समान असलेले तिसरे कलम देशांतर्गत लढाईला लागू होते. शस्त्र न धरणाऱ्या माणसाला माणुसकीने वागवावे आणि तसे वागवताना वंश, वर्ण, धर्म, लिंग, जन्म वा संपत्ती यांवरून भेद करू नये, असे ते कलम सांगते. 'जन्म' हा शब्द तेथे आहे. तो लिहिणाऱ्यांच्या मनात कदाचित आपण नसू. पण तो शब्द आपला आहे, आपण तो हक्काने उचलावा.

आपल्या राज्यघटनेचे २३ वे कलम वेठबिगारीला मनाई करते. त्याचाच दुसरा भाग राज्याला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा देतो. मात्र त्यात केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करता येणार नाही, अशी अट घालतो. चाकणच्या वेसकरापासून कराचीच्या मेहतरापर्यंतचा सगळा इतिहास या एका अटीत सामावला आहे. सक्ती करायचीच असेल तर ती सर्वांवर करा. संकटकाळात उकिरडा उचलायचा असेल तर सर्वांनी उचला.

पण ही अटही आणीबाणीत किती टिकेल? १९६२ मध्ये चीनशी युद्ध होताच आणीबाणी पुकारली गेली आणि ती १९६८ पर्यंत चालू राहिली. युद्ध महिनाभराचे, आणीबाणी पाच वर्षांची. सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, त्यांत बायकामुले आणि म्हातारे होते, राजस्थानातील देवळीच्या छावणीत कोंडले गेले. अपराध एकच, जन्म. १९७५ च्या आणीबाणीनंतर १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली आणि आणीबाणीतही २० व २१ या कलमांचे संरक्षण न्यायालयातून काढून घेता येणार नाही असे ठरले. ही मोठी कमाई आहे. पण यादीत १७ वे कलम नाही, २३ वे नाही. म्हणजे अस्पृश्यता आणि वेठबिगारी यांविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावण्याचा मूलभूत हक्क आणीबाणीत आजही स्थगित होऊ शकतो. या गोष्टीकडे आपल्या चळवळीने अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते.

७

२५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दारूगोळ्याच्या डेपोंशेजारच्या या वस्तीत बुद्ध आले, हे मला लहानपणी कधी विशेष वाटले नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मी तो वाचला तेव्हा त्याचा अर्थ उलगडला. बाबासाहेबांचा सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात युद्ध पुकारले जाते. तो समेटाचा मार्ग सुचवतो. संघ बहुमताने तो फेटाळतो. सैन्यात यायला तो नकार देतो, तेव्हा त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालण्याची आणि जमिनी जप्त करण्याची धमकी दिली जाते. पाणी, बहिष्कार, जमीन. आपल्याला या तीन शब्दांचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. सिद्धार्थ स्वतः शिक्षा पत्करतो, देशत्याग करतो, पण घरच्यांना तिची झळ लागू देत नाही. युद्धाच्या भाषेला नकार देणारा आणि निरपराधांना त्या शिक्षेतून सोडवणारा हा पहिला माणूस आपला आहे.

२०२० च्या टाळेबंदीत पिंपरी-चिंचवडचे रस्ते ओस पडले होते. चाकण-भोसरीच्या कारखान्यांतले मजूर डोक्यावर बोचके घेऊन गावाकडे निघाले होते. त्या दिवसांत भल्या सकाळी खिडकीतून पाहिले, तर हातात झाडू घेतलेली एक बाई एकटीच रस्ता झाडत होती. ती अत्यावश्यक सेवेत होती. मला वडील आठवले, आणि कराचीचा तो बिननावाचा माणूस आठवला.

आपल्याला एक काम करता येण्यासारखे आहे. देहूरोड, पिंपरी, दापोडी, खडकीच्या वस्त्यांत डेपोत, दारूगोळ्याच्या कारखान्यात, नगरपालिकेच्या सफाई खात्यात हयात घालवलेली माणसे अजून आहेत. युद्धाच्या वर्षांत त्यांनी काय केले, त्यांना कुठे थांबवले गेले, कोण जखमी झाले, कोणाला भरपाई मिळाली, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्यावे. लिहिताना आधी नाव विचारावे. मी आई-वडिलांपासून सुरुवात करायला हवी होती. ते राहून गेले. आता शेजारच्या घरापासून करतो आहे.